देऊळ बघून झालं

सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघप्रिया,
सप्रेम जयभीम.

तुझं इटलीतून आलेलं पहिलं पत्र मिळालं. फोनवर तू भेटतेसच, पण फोनवर माणूस 'जेवलीस का, थंडी आहे का' याच्या पुढे जात नाही. म्हणून तर तू कापडाचं शिक्षण घ्यायला निघालीस तेव्हा मामा म्हणून एकच अट घातली: महिन्याला एक पत्र, हातानं लिहिलेलं. पानांचे फोटो काढून पाठवायची सवलत दिली आहे, ती तुझ्या पिढीकडे बघून.

तुझ्या त्या प्रातो गावातलं चर्चच्या कोपऱ्यावरचं व्यासपीठ माझ्या डोक्यातून जात नाही. देवळाच्या आत नाही, बाहेर! भिंतीला लटकवलेलं, चौकाकडे तोंड केलेलं! जगातलं प्रत्येक देऊळ आत आलेल्याशी बोलतं, आणि आत कोणी यायचं हे आधी ठरवतं. हे मात्र रस्त्याशी बोलतं. सहाशे वर्षांपूर्वी ज्यानं हे सुचवलं, त्याला माझा सलाम कळव. यंत्रमाग कामगारांपुढे मी, त्यांचा 'मास्तर', तीस वर्षं बोलत आलो ते कधी टेम्पोवर उभा राहून, कधी चहाच्या टपरीच्या बाकड्यावर. मला असं एक व्यासपीठ मिळालं असतं तर!

पण बाई, बाकीचं पत्र म्हणजे रंगीत पोस्टकार्ड आहे. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चर्च, बादशहाचा किल्ला, बदामाची बिस्किटं. सोलापूरला पाहुणा आला की आपण काय करतो? सिद्धेश्वराचं तळं दाखवतो, भुईकोट किल्ल्याला एक चक्कर मारतो, शेंगाचटणी आणि चादर हातात देऊन स्टेशनवर सोडतो. पाहुणा घरी जाऊन सांगतो, सोलापूर पाहिलं. काय पाहिलं त्यानं? अक्कलकोट रोडची एमआयडीसी पाहिली? ती खडखड ऐकली? पाळी सुटल्यावर सायकलीवर निघालेली, कापसाच्या कणांनी पांढरी झालेली माणसं पाहिली?

तू पाहुणी होऊ नकोस. ते गाव कोणाच्या हातांवर उभं आहे ते बघ, आणि मला लिही.

तुझा,
सिद्राममामा


प्रातो
१६ मार्च २०२५

मामा,
जयभीम.

तुमची बोलणी खाल्ली आणि बाहेर पडले.

किल्ल्याच्या मागे गावाची जुनी भिंत आहे. भिंतीच्या आतल्या काही गल्ल्यांत फरशीखालून पाण्याचा आवाज येतो. नदीचं पाणी पाटांनी गावात आणून त्यावर कापडाच्या गिरण्या चालवायचे. आता पाट बुजवून वर रस्ते केलेत. पाणी दिसत नाही, पण कान दिला की ऐकू येतं. भिंतीबाहेर चिनी लोकांची वस्ती आहे. अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून शिलाई मशीनचा आवाज येतो. मी डोळे मिटून उभी राहिले तर आपल्या सोलापूरच्या अशोक चौकात आहे असं वाटलं.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते याच्याहून वेगळं. तुमच्या त्या लाडक्या व्यासपीठाखाली रविवारी एक मुलगा उभा होता. कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट, हातात फोन. फोन व्यासपीठाकडे धरून म्हणत होता, "यव्वा, इल्लि नोड, गुडी!" कानडीत आईला देऊळ दाखवत होता. मग लगेच मराठीत, "दिसलालंय का? का हात आडवा आला?"

'दिसलालंय' ऐकलं आणि मी मोठ्यानं विचारलं, "सोलापूर?"

तो दचकला. "व्हय की! तुमी कुठल्या, अक्का?"

त्याचं नाव शिवराज. वळसंगचा. त्याची आई चंद्रव्वा आपल्याच एमआयडीसीत टॉवेलच्या किनारी शिवते. तिला त्यानं सांगितलंय की तो इथं कापडाच्या मिलमध्ये साहेब आहे. एजंटानं त्यालाही तेच सांगितलं होतं. खरं म्हणजे तो चिंध्या निवडतो. साऱ्या युरोपातले जुने लोकरीचे कपडे इथं येतात. त्यांची बटणं, चेन, अस्तर काढायचं, रंगाप्रमाणे ढीग लावायचे. मग ते दळून नवी लोकर करतात. या गावाचा हा जुना धंदा आहे. काल तो मला तिथं घेऊन गेला. पत्र्याची लांब शेड, छपरापर्यंत कोट आणि स्वेटर. शेडला लागून, रस्त्याच्या बाजूला एक खोली, तिथं तो आणि आणखी काही जण राहतात. त्याचे राहण्याच्या परवान्याचे कागद अजून झालेले नाहीत, म्हणून त्याला घरी जाता येत नाही.

आईला तो रविवारीच फोन करतो. शर्ट बदलून चर्चपाशी येतो, नाहीतर किल्ल्यापाशी जातो, आणि तिथून बोलतो. चंद्रव्वानं सगळं प्रातो पाहिलंय मामा, फक्त तो राहतो ते सोडून. ती गावाला 'परात' म्हणते. "माझा शिवराज परातीत हाय," असं सगळ्यांना सांगते म्हणे. हे सांगताना तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

वळसंगचं पोर साऱ्या युरोपच्या चिंध्या निवडतं, आणि आईला मात्र संगमरवर दाखवतं.

मी विचारलं, "कधी सांगणार?" म्हणाला, "सांगतो की. कागद हातात आले की घरी जातो, तिच्यापुढं बसतो, मंग सांगतो. फोनवर नको." हे तुमच्याजवळच राहू द्या.

तुमची,
संघा


सोलापूर
३ मे २०२५

प्रिय संघा,
सप्रेम जयभीम.

दीड महिना लिहिलं नाही, कारण कामगार दिनाच्या सभेच्या तयारीत होतो. परवा एमआयडीसीच्या गेटसमोर सभा झाली. दोन्ही पाळ्यांची माणसं, आणि यंदा बायकाही भरपूर. ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून तापलेला.

तुला सांगतो, असं भाषण माझ्या हातून पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं. सुरुवात तुझ्या व्यासपीठानं केली. म्हणालो, आमचं व्यासपीठसुद्धा बाहेर तोंड करून आहे, आम्हाला आत कोणी घेतलंच नाही! हशा, टाळ्या. मग मजुरीवर आलो. शेठ लोकांच्या एसीवर आलो. बायकांसाठी कारखान्यात साधी मुतारी नाही, त्यावर आलो. सभा तापत गेली. आणि ऐन रंगात तुझं ते वाक्य टाकलं, जसंच्या तसं. "वळसंगचं पोर साऱ्या युरोपच्या चिंध्या निवडतं, आणि आईला मात्र संगमरवर दाखवतं!"

मग असा कडकडाट की माइकच शिट्टी वाजवायला लागला. संघा, वाक्य कसं असावं ते तुला कळलंय. ते माझ्याकडून आलं असेल तर मी धन्य झालो.

एक बाई तेवढी मधूनच उठून गेली. पुढेच बसली होती, हिरवं इरकल नेसलेली. तिच्या गाडीची वेळ झाली असेल. या बायकांना पूर्ण भाषण ऐकायलाही सवड मिळत नाही, हेही मी लगेच भाषणात घेतलं.

कोणीतरी सगळं भाषण मोबाइलवर उतरवून घेतलंय. ते गावोगाव फिरतंय म्हणे. सोबत पाठवतो.

तुझा,
मामा


प्रातो
१९ मे २०२५

मामा,

तुम्ही पाठवायच्या आधीच ते भाषण इथं आलं होतं. वळसंगच्या कोणीतरी शिवराजला पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'साहेब, चिंध्या कशा किलो?'

वळसंगमधून इटलीत किती माणसं आली आहेत असं तुम्हाला वाटतं?

तो माझ्याकडे आला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. फोन माझ्यापुढे धरला आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा लावलं. म्हणाला, "अक्का, हे मास्तर तुमचे मामा का?" मी हो म्हटलं. "मग हे तुमीच सांगितलाव." मी हो म्हटलं. तो निघून गेला.

तेव्हापासून त्याची आई फोन उचलत नाही. हा रविवार तिसरा. काल मी चर्चपाशी गेले तर तो आलाच नव्हता. शेडवर गेले. खोलीतली त्याची पिशवी नाही. त्याचा फोन बंद आहे.

मी लिहिलं होतं, हे तुमच्याजवळच राहू द्या. तुम्ही ते वाचलं नाही, की वाचून विसरलात, ते मला विचारायचं नाही. मला माझंच विचारायचं आहे. ते वाक्य लिहिलं तेव्हा मी पेन खाली ठेवून ते पुन्हा वाचलं होतं. मामांना आवडेल, असं मनात आलं होतं. शिवराज माझ्यापुढे बसून खोकत हसत होता आणि माझ्या डोक्यात वाक्य जुळत होतं. टाळ्या तुम्ही घेतल्यात, पण पहिली टाळी मीच वाजवली होती. आरशात बघवत नाही.

संघप्रिया


सोलापूर
२१ मे २०२५

प्रिय संघा,

तुझं पत्र वाचून झोप उडाली. पण आधी माझी बाजू ऐक.

मी नाव घेतलं नाही. एक शब्द खोटा बोललो नाही. आणि लाज कसली? श्रमाची? ज्यांनी धडधाकट कोट अंगावरून काढून फेकले त्यांना लाज वाटू दे. ज्या एजंटानं पोराला फसवलं त्याला वाटू दे. कागदावाचून माणसाला राबवून घेणाऱ्यांना वाटू दे. आमच्या बापजाद्यांना लोकांनी उतरलेले कपडे दिले आणि वर लाजही दिली. कपडे आम्ही कधीच फेकले. लाज अजून अंगावर का वागवायची? हात काम करतात तोवर मान ताठ, हेच मी आयुष्यभर सांगत आलो. त्या पोरानं आईला खोटं सांगितलं, मी खरं सांगितलं. यात गुन्हेगार मी कसा?

सत्य दडवून कोणाचं भलं झालेलं नाही. दुःख झाकलं की ते एकाचंच राहतं, चव्हाट्यावर मांडलं की सगळ्यांचं होतं. सभा असते कशासाठी?

तू शांत हो. पोरगा दोन दिवसांत परत येईल.

मामा

ता. क. पत्र पाठवायला निघालो होतो, थांबलो. हिरव्या इरकलातली ती बाई. तीच का चंद्रव्वा?


प्रातो
२ जून २०२५

मामा,

हो. शिवराजजवळ आईचा फोटो आहे, तो मी पाहिला होता. त्यात तेच लुगडं आहे. सणाचं आहे, असं तो म्हणाला होता. म्हणजे तुमच्या सभेला ती सणाचं नेसून आली होती.

तुम्ही म्हणाला होता, पाहुणी होऊ नकोस. आता मी सगळं गाव पाहिलं. त्याला शोधत फिरले. पहाटे ट्रकची वाट बघत माणसं उभी राहतात ती जागा. नदीकाठचा पूल, जिथं पंजाबी, बंगाली मुलं सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालतात. चिनी बायकांचं दुकान, जिथून तो कणीक आणि डाळ घ्यायचा. बंद पडलेल्या गिरण्यांची आवारं, जिथं भिंतींवर झाडं उगवलीत. दर वळणावर त्या चर्चचा मनोरा दिसत राहतो, आणि दिसला की मी मान खाली घालते. कागद नसलेल्या माणसाला लपायला या सुंदर गावात किती जागा आहेत, ते नकाशात कुठं नाही.

शेवटी त्याच्या खोलीतला एक पंजाबी सोबती शेडपाशी भेटला. म्हणाला, "ठीक है वो. दूसरी शेड में काम करता है. पर आपसे नहीं मिलेगा, दीदी."

मी विचारलं, "क्यों?"

"कहता है, वो लिखती है."

तुमच्या पत्राला यापेक्षा मोठं उत्तर माझ्याजवळ नाही.

संघा


सोलापूर
९ जून २०२५

प्रिय संघा,

काल वळसंगला गेलो. कारखान्याच्या गेटवर बाकीच्या बायकांसमोर चंद्रव्वाला गाठणं बरं दिसलं नसतं, म्हणून रविवारी घरी गेलो. बसमध्ये काय बोलायचं ते जुळवत होतो. 'माय, मी तुझा गुन्हेगार आहे,' अशी सुरुवात ठरवली. अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की मी माफीचंही भाषण तयार करतोय. तिथंच उतरून परत फिरावंसं वाटलं.

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. शेजारचा मडिवाळप्पा भिंतीला टेकून विडी ओढत होता. मला बघून म्हणाला, "आलाव का मास्तर? आज माइक न्हाय आनलाव जनू?"

चंद्रव्वा त्याला म्हणाली, "तू जा की घरला." मग मला म्हणाली, "बसा. पानी घ्या."

मी म्हणालो, "माय, मी…" आणि पुढे शब्द आला नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तीच बोलली. ऐक, तिच्याच शब्दांत लिहितो.

"तुमचं भाषान मला लई आवडलं हुतं, मास्तर. बायांच्या मुतारीचं बोललाव. कोन बोलत न्हाय ते. मी टाळ्या वाजिवल्या. मंग तुमी वळसंग म्हनलाव. आमच्या गावाचं नाव आलं म्हनून मी हसले. टाळीला हात उचलले. आन मंग पुढचं बोललाव." तिनं दोन्ही हात समोर धरून दाखवले, मध्ये टीचभर अंतर ठेवून. "हात हितंच ऱ्हायले."

तिनं शेंगा फोडायला घेतल्या.

"मला काय कळत न्हवतं व्हय? दर ऐतवारी त्योच शर्ट, तीच गुडी. साहेब मानसाला एकच शर्ट आसतो का? घर दाव म्हनलं की म्हनायचा, नेट न्हाय घरात. देवळापुढं हाय आन घरात न्हाय!" ती हसली. "वळकलं हुतं मी. पन इचारलं न्हाय."

"का?"

"त्यानं सांगायचं हुतं ते. लेकराजवळ तेवढं एकच हुतं मला सांगायला. तुमी सांगून टाकलाव."

संघा, मी तुला लिहिलं होतं की त्यानं खोटं सांगितलं आणि मी खरं सांगितलं. ते सत्य माझं नव्हतंच. दुसऱ्याचं उचलून आणलं आणि गेटवर वाटलं. आमच्या माणसांचं सगळ्यांनी लुटलं असं मी गळा फोडून सांगत आलो. या बाईच्या घरातून मी काय नेलं, ते मला तिच्या ओट्यावर बसून कळलं.

मी विचारलं, "फोन का उचलत नाहीस? तो समजतोय तू रागावलीस."

तिचे हात थांबले. "राग? अय्यो, राग कसला? त्यानं पुन्हा गुडी दावली तर मी तोंड कसलं करू, मास्तर? आदी येत हुतं मला तसलं तोंड. आता येना."

मी म्हणालो, "माझ्याकडून काय होईल ते सांग."

"लिव्हता येतं न्हवं? मी सांगते तेवढंच लिव्हा. तुमचं काय घालू नका त्यात."

मी खिशातला कागद काढला. तिनं सांगितलं, मी लिहिलं. एकदा पेन पुढे सरकत होतं, एक चांगला शब्द सुचला होता. तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मी पेन कागदावरून उचललं.

त्या कागदाचा वेगळा फोटो पाठवतो आहे. त्यावर एवढंच आहे:

'शिवराज. देऊळ बघून झालं. आता जेवतोस कुटं ते दाव.'

हे त्याच्यापर्यंत पोचव. निघताना मडिवाळप्पा फाटकाशी उभा होता. "झालं का भाषान?" म्हणाला. मी नाही म्हणालो.

मामा


प्रातो
२३ जून २०२५

मामा,

कागदाची प्रत काढून त्या पंजाबी सोबत्याच्या हातात दिली. त्याला मराठी येत नाही, म्हणून त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "ये आपने लिखा है?" मी म्हटलं, "नहीं. उसकी माँ ने." मग त्यानं ती नीट घडी करून खिशात ठेवली.

काल रविवारी मी चर्चपाशी गेले नाही. जुन्या शेडच्या समोरच्या रस्त्यावर, पार पलीकडे, बसथांब्यावर बसले. तो पुन्हा तिथल्या खोलीत राहायला आलाय, असं सोबत्यानं सांगितलं होतं. खरं तर तिथंही बसायला नको होतं. दुपारी शिवराज आला. आकाशी शर्ट नव्हता. कामाचा मळका बनियन होता आणि खांद्यावर पंचा. दाराशी उभा राहून त्यानं फोन लावला. बराच वेळ कानाला धरून उभा होता. मग कानावरून काढून समोर धरला.

त्यानं फोन हळूहळू फिरवला. शेड. ढीग. वाळत टाकलेले कपडे. मग तो आत गेला आणि खोलीतल्या खिडकीपाशी दिसला, जिथं त्यांची शेगडी आहे.

काय बोलले ते मी ऐकलं नाही, मामा. रस्त्यावर ट्रक होते. ऐकू आलं असतं तरी लिहिलं नसतं.

त्यानं मला पाहिलं की नाही, माहीत नाही. मी उठून चालायला लागले. जुन्या भिंतीच्या आत शिरले, त्या पाटावरच्या गल्लीत. खालून पाणी वाहत होतं. मी तिथं थांबले नाही.

संघा


सोलापूर
१ जुलै २०२५

प्रिय संघा,

आज एमआयडीसीच्या गेटवर चंद्रव्वा दिसली. बायकांच्या घोळक्यात होती. मी लांबूनच नमस्कार केला आणि चालायला लागलो. तिनं हाक मारली.

मी काही विचारलं नाही. तिनंही बाकी काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "मास्तर, लेकरू चपाती लई जाड लाटतंय."

मी मान हलवली.

ती पुढे गेली, मग मागे वळली. म्हणाली, "एवढं लिव्हा तुमच्या भाचीला. हे लिव्हलं तर चालंल."

म्हणून लिहिलं.

मामा